भावोजींची टाच

माझ्या बहिणीचे यजमान मुकादम आहेत आणि स्वतःला मातीचे वैद्य समजतात. वैद्य निदान नाडी तरी बघतो. आमचे भावोजी चराच्या काठावर उभे राहतात, उजवी टाच दोनदा जमिनीवर आपटतात आणि खाली वाकून म्हणतात, घट्ट आहे, उतरा. कामावरचे लोक पाठीमागे त्यांना 'टाच' म्हणतात. चर ढासळायचाच असेल तर पहिला धक्का त्या टाचेचाच बसेल, हे कळायला अक्कल लागते. ती भावोजी जपून ठेवतात, वापरत नाहीत.

चर सांडपाण्याच्या पाइपसाठी होता, दीड पुरुष खोल. खणलेली माती अगदी काठाला लागून टाकलेली, कारण ती लांब टाकायची तर पोकलेनचा वेळ जातो. चराच्या भिंती धरून ठेवायला फळ्या आणि टेकू आले होते. आले ते पडूनच राहिले. भावोजी त्यांच्यावर बसून डबा खायचे. टेकूंनी काम रखडतं, असं त्यांचं मत. त्यातले दोन मात्र त्यांनी घरी नेऊन अंगणातल्या कंबरभर भिंतीला लावले. तिच्याशेजारी त्यांची स्कूटर उभी असते.

मी त्याच कामावर पाणी उपसायचा पंप सांभाळते. खाली पाइपांचे सांधे जोडतो तो माझा नवरा, म्हणजे भावोजींचा साडू. त्याला हे काम भावोजींनी लावून दिलं, आणि ते उपकार ते कोणालाही विसरू देत नाहीत. म्हणून नवरा त्यांच्यापुढे तोंड उघडत नाही. मला त्याचाही राग येतो.

एका सकाळी काठापासून हातभर अंतरावर मला भेग दिसली. आधी केसाएवढी होती, जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिच्यात बोट जाऊ लागलं. मी भावोजींना नेऊन दाखवली. त्यांनी सवयीने टाच आपटली.

"भेगा तर तुझ्या टाचांनाही आहेत," ते म्हणाले. "म्हणून तू ढासळतेस का?"

चार माणसं हसली. मी नवऱ्याला वर बोलावलं, तर त्याने एवढा सांधा होऊ दे म्हणून हात हलवला. मी पंपाजवळ बसले, पण नजर त्या भेगेवरून हलेना.

दुपारी इंजिनिअर साहेब आले. तेही काही कमी नाहीत, आठवडाभर सावलीतूनच चर बघत होते. त्या दिवशी त्यांना पाइपचा उतार तपासायचा होता. मुकादम, तुम्हीच पट्टी धरून खाली उभे राहा, असं त्यांनी सांगितलं. भावोजींनी शिडीवर एक पाय ठेवला. खाली बघितलं, मग भेगेकडे बघितलं. या वेळी टाच आपटली नाही.

"साहेब, आधी टेकू लावून घेऊ," ते म्हणाले. "माती भरवशाची नाही."

साहेबांनी खाली बोट दाखवून विचारलं की मग तो कोण काम करतोय.

"तो होय? तो आपलाच माणूस. साडू माझा."

मी पंप बंद केला. एकदम शांत झालं. "वर ये," मी नवऱ्याला म्हणाले, "यांना भरवसा नाही, तर तुला कशाला हवा?" तो निमूटपणे वर आला.

टेकू लागले. दोन कमी पडले, ते कुठे आहेत हे मी साहेबांना सांगितलं. स्कूटरशेजारच्या भिंतीचे टेकू काढून आणावे लागले. मग भावोजी उतरले, आणि ते खाली असतानाच ढिगाकडची भिंत सुटली. फळ्या करकरल्या, फटींतून माती सांडली, पण टेकूंनी तग धरला. भावोजी शिडीवरून गुडघ्यांनी सरपटत वर आले.

आता घरी कोणीही आलं की ते ही गोष्ट सांगतात. मी अडून बसलो, आधी टेकू मग काम. बहिणीचा ऊर भरून येतो. परवा जेवताना तिने माझ्या नवऱ्याकडे बघून विचारलं, तेव्हा हे कुठे होते.

"वरच होता," भावोजी म्हणाले. "मीच उतरू दिलं नाही त्याला."

"मी खाली होतो," माझा नवरा म्हणाला.

त्यांच्यापुढे त्याने इतक्या वर्षांत उच्चारलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. भावोजींना ठसका लागला. त्यांनी पाणी मागितलं. कोणी उठलं नाही.