नागपूरला गेलेली जोडी

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. गवतातून चाललं की लुगड्याला कुसळं चिकटतात, तसे ते चिकटतात आणि मग घरी येऊन उपटत बसावं लागतं. सत्तरच्या दशकात यांची वाशिमच्या दवाखान्यात बदली झाली आणि तिथल्या ऑफिसर लोकांच्या क्लबात मी बायकांची डबल्स खेळले. आता हसत सांगते, पण तेव्हा जीव जळायचा.

माझी जोडीदार कमल. यांच्याच दवाखान्यात नर्स, मूळची जऊळक्याची, बाप रेल्वेत गँगमन. नागपूरला ट्रेनिंगला असताना होस्टेलच्या कोर्टावर टेनिस शिकली. तिथेच एका मोठ्या टुर्नामेंटमध्ये, बाहेरून आलेल्या, खेळावरच पोट भरणाऱ्या बाया तिने जाळीबाहेरून पाहिल्या होत्या. "ताई, एक डाव त्यायच्यासंग खेळाचा हाय. हारलो त हारलो." त्या टुर्नामेंटला आमच्या क्लबालाही बायकांची एक जोडी पाठवता यायची. इथे जिंकेल ती जोडी नागपूरला, असं सेक्रेटरी दरवर्षी सांगायचे. कमल त्याच्यासाठीच खेळायची.

*

क्लबात बायकांना मेंबरशिप नव्हती. मेंबरची बायको चालायची, बहीण चालायची, मुलगी चालायची. कमल कोणाचीच कोणी नव्हती. सेक्रेटरी पेशाने वकील. चष्मा काढून मला म्हणाले, "डॉक्टरीणबाई, हिले कोणाच्या नावावर दाखवू?"

मी बोलायच्या आत कमल म्हणाली, "मायाच नावावर दाखवा. पगार मायाच नावावर निंघते."

शेवटी 'डॉक्टरांकडच्या पाहुण्या' म्हणून घेतलं तिला.

*

पाण्याचंही तेच. खेळून झालं की आम्हाला काचेच्या ग्लासात पाणी यायचं. कमलला मात्र शिपाई वरून ओंजळीत ओतायचा. सगळ्यांना ठाऊक होतं, काहून ते. बोलायचं कोणी नाही.

एकदा तिने ओंजळ केलीच नाही. सरळ विचारलं, "काहून भाऊ, माया हातचा बॉल चालते, न ग्लास चालत नाही?"

शिपाई बिचारा सेक्रेटरींकडे बघायला लागला. सेक्रेटरींना तेवढ्यात आभाळात काहीतरी दिसलं. दुसऱ्या दिवसापासून कमल घरून बाटली आणायची आणि मीही तिच्याच बाटलीतलं प्यायला लागले. त्यावरून मला घरात जे ऐकावं लागलं, ते वेगळंच.

*

आमचं कोर्ट मुरमाचं, वरून शेणाने सारवलेलं. एका वर्षी फायनलच्या सकाळी सारवणारी बाई आलीच नाही. सेक्रेटरी आम्हाला म्हणाले, "तुमी बायाच आहा. घ्या सारवून."

समोरची जोडी मोठ्या साहेबांच्या मॅडमची आणि त्यांच्या धाकट्या बहिणीची. त्या अर्थातच आल्या नाहीत. कमलने आणि मी पदर खोचून अख्खं कोर्ट सारवलं. ऊन कलल्यावर ते इतकं सुरेख दिसायला लागलं की साहेब लोकांना राहवेना. "लेडीज थांबतील. आधी आमचा एक सेट होऊ द्या."

एकाचे तीन झाले. आमची फायनल उखडलेल्या कोर्टावर, सूर्य डोळ्यांत घेऊन.

*

अंपायरच्या खुर्चीत साहेबांच्याच ऑफिसातले हेडक्लार्क. मॅडमचा बॉल बाहेर पडला की हे म्हणायचे, "रिप्ले." आमचा रेषेवर पडला तरी, "आउट."

कमल शेवटी खुर्चीपाशी गेली. "काहून भाऊसाहेब, दिसत नाही का?"

हेडक्लार्क खाली वाकून हळूच म्हणाले, "दिसते ना बाई. पण उद्या ऑफिसात जाचं हाय मले."

त्या माणसाचा मला राग आला नाही. कमललाही नाही. तिने फक्त रेषेच्या जवळ मारणं सोडून दिलं. सगळे बॉल कोर्टाच्या मधोमध, पण असे सणसणीत की मॅडमची रॅकेट हातात फिरायची. आम्ही जिंकलो. कमलने मला सगळ्यांसमोर मिठी मारली.

*

मग बक्षीस समारंभ. कप आमच्या हातात दिला, टाळ्या झाल्या आणि सेक्रेटरी माइकसमोर आले. "यंदा नागपूरले रनरअप जोडी जाईन. मॅडमचं माहेर तिथंच हाय, राहाची सोय होते."

पुन्हा टाळ्या. मी उभी राहिले. म्हटलं, "जिंकलो आमी."

सेक्रेटरी गोड हसले. "हो ना बाई. म्हणून तं कप तुमाले देला."

यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. त्या रात्री मी यांच्याशी बोलले नाही. कमल रडली नाही, भांडली नाही, सरळ ड्युटीवर निघून गेली. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

*

मॅडम नागपूरहून आल्या त्या संत्रा बर्फी घेऊन. क्लबात सगळ्यांना स्वतःच्या हाताने वाटली, कमललासुद्धा. कमल तुकडा तसाच हातात धरून उभी. तिला राहवत नव्हतं.

"मॅडम, पयली मॅच कोणासंग पडली? त्या बाहेरून आलेल्या बायायसंग?"

"कोण जाणे गं," मॅडम म्हणाल्या. "इतकं ऊन होतं, आम्ही गेलोच नाही. आईकडे मस्त झोपलो दोघी."

"मंग मॅच?"

"दिला असेल वॉकओव्हर. बाबा गेले होते बघायला. ते सांगत होते, बराच वेळ माइकवर पुकारत होते म्हणे, वाशिमची जोडी, वाशिमची जोडी... अगं, खा ना बर्फी."