कौसल्याबाईच्या पाटीवरची रोटी

नागपूरच्या मनीषनगरात कोणालाही विचारा, माझी सासू सापडेल. मोठ्या रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड, वर ‘कौसल्याबाईची लंबी रोटी’ अशी पाटी, शेडखाली चूल, चुलीवर उपडं घातलेलं मातीचं मडकं आणि मडक्यासमोर पाटावर बसलेल्या कौसल्याबाई. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं म्हणजे यांच्या जिवावर येतं. कोणी घाई केली की ठरलेलं उत्तर, "एवढी घाई असंन त ब्रेड खा ना गा!" तरी माणसं उभी राहतात. लंबी रोटी खायची तर उभं राहावंच लागतं बाप्पा. कणिक इतकी सैल मळायची की बोटांतून गळाली पाहिजे. मग आपटून आपटून तिला तार आणायची, गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि तापलेल्या मडक्यावर अलगद टाकायचा. नवी सून म्हणून आले तेव्हा माझी पहिली रोटी थेट चुलीत गेली होती. सासू म्हणाली, "राख खाऊ घालतं का वं आम्हाले?"

तिला हे सगळं शिकवलं तिच्या मोठ्या बहिणीनं. पार्बताबाई, सासू तिला नुसतं ‘बाई’ म्हणते, आमची ती मोठीमाय, कोराडीला राहते. सासरे वारले तेव्हा माझा नवरा प्रीतम अंगावर पीत होता. मोठीमायनं धाकट्या बहिणीला आपल्या चुलीपाशी बसवलं, हात धरून शिकवलं आणि लग्नघरची स्वतःची गिऱ्हाइकं तिच्या हवाली केली. "माझी बहीण माझ्याहून बरी करते," असं धडधडीत खोटं सांगून. त्या खोट्यावर आमचं घर उभं राहिलं. प्रीतम शिकला, मी सून म्हणून आले, सगळं त्यावरच.

तर झालं असं, की आमच्यासारखीच रोटी करणारी काजल एक दिवस दुकानातून पाकीट घेऊन आली. फ्रीजमधलं, थंडगार. वर छापलेलं, ‘अस्सल नागपुरी लंबी रोटी’. कारखाना कुठला तर भलत्याच गावचा, नागपूर त्यानं नकाशातही पाहिलं नसेल. आत पापडासारखे गोल तुकडे, गरम लोखंडी पत्र्यांमध्ये दाबून काढलेले. सासूनं एक तुकडा हातात धरून पाहिला. "यात लंबी काय आहे? नाव त आमचं लावून राहिले मेले!"

त्या रागातून रोटीवाल्या बायांचा संघ निघाला. अरुंधती मॅडम म्हणून वकीलबाई मदतीला आल्या. त्यांनी समजावलं, नागपूरच्या संत्र्याला जसं भौगोलिक मानांकन आहे तसं आपण लंबी रोटीसाठी मागू. मिळालं तर हे नाव इथल्याच आणि ठरल्या रीतीनं करणाऱ्यांनाच लावता येईल. "पण आधी तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या, "लंबी रोटी कशाला म्हणायचं आणि कशाला नाही."

सगळ्या सासूकडे पाहायला लागल्या. ती पदर खोचून उभी राहिली. डोळ्यापुढे ते पाकीट. "मातीचं मडकं, लाकडाचा जाळ. लोखंडावर टाकली त ते लंबी रोटी नोहे! नाव लावाचा हक्क नाही त्याले!" टाळ्या पडल्या. मी तर शिट्टी मारली. काजलनं मोबाइलवर ते सगळं टिपलं आणि पाठवलं गावभर.

घरी येताना सासू माझ्या स्कूटीवर मागे बसली होती. अर्ध्या रस्त्यात तिनं माझा खांदा गच्च धरला. "मोनाली, थांब वं." थांबले. तिचा चेहरा उतरला होता.

"बाई लोखंडावर करते," ती म्हणाली.

माय वं! मोठीमायच्या छातीत कोराडीच्या वीज केंद्राची राख आधीच भरलेली, त्यात चुलीचा धूर. धंतोलीच्या डॉक्टरनं धूर कायमचा बंद करायला सांगितलं होतं. तेव्हापासून ती गॅसवर लोखंडी कढई उपडी घालून रोटी करते आणि वीज केंद्रावर कामाला जाणाऱ्यांना विकते. बसथांब्याजवळ तिची पाटी आहे, ‘पार्बताबाईची लंबी रोटी’.

"तुम्ही कारखान्याला म्हटलं, आई. मोठीमायला थोडीच."

"म्हटलं कारखान्याले. लागलं बाईले."

मग सुरू झाली धाकधूक. फोन हातात घ्यायचा, ठेवून द्यायचा. मी लावून देते म्हटलं तर माझ्यावरच खेकसायची. जेवताना रोटी तोडायची आणि तशीच ताटात ठेवायची. शेवटी मीच चिडले. "कोराडीची बस रोज जाते आई, पाय मोडले का तुमचे?"

गेलो दोघी. बसमधून उतरल्या उतरल्या पाटी दिसली. ‘पार्बताबाईची’ आणि ‘रोटी’ यांच्यामध्ये पांढऱ्या रंगाचा पट्टा. रंग पातळ होता, खालची अक्षरं अजून दिसत होती. सासू पाटीखाली खिळून राहिली.

"जय भीम वं," मोठीमाय आतून म्हणाली. "पाटी काय पाहून राहिली? ये, बस. गरम आहे."

"कोणं पुसाले लावलं?"

"कोणी नाही. एका गिऱ्हाइकानं मोबाइल दाखवला, तू बोलून राहिली होती. ‘बाई, तुमची त लोखंडाची,’ म्हणे. मीच रंग आणला."

सासूला रडू फुटलं. रडतानाही भांडल्यासारखी बोलते ती. "मी कारखान्याच्या रागात बोलली. तुह्यी आठवणच नाही राहिली मले. ज्या बाईनं हात धरून शिकवलं तिचीच आठवण नाही राहिली! लाज वाटून राहिली मले, बाई."

मोठीमायनं कढईवरची रोटी काढून तिच्यापुढे ठेवली. "बराबर त बोलली तू. आठवते काय, तू एकदा तव्यावर टाकाले गेली होती, अन् मी तुह्या हातावर चापट मारली होती? लोखंडावर टाकली त ते लंबी रोटी नोहे, हे मीच म्हटलं होतं. माह्येच शब्द होते ते."

सासूनं घास घेतला. "चव तेच आहे."

"खोटं नको बोलू वं. धूर कुठी आहे यात?"

मला वाटलं होतं, मोठीमाय चार शिव्या घालेल, दोघी भांडतील, रडतील आणि मोकळ्या होतील. पण तिनं शिवी दिलीच नाही. 

पुढच्या बैठकीत सासू पुन्हा उभी राहिली. या वेळी पदर खोचला नव्हता. "लोखंडाचं काढा. हातावर लांबवलेली एवढंच लिहा." काजल ताडकन म्हणाली, "काकू, तुम्हीच त सांगतलं होतं!" अरुंधती मॅडमनं शांतपणे विचारलं, "लोखंड चालतं म्हटलं, तर उद्या कारखानाही इथं येऊन हातावर लांबवणारी माणसं ठेवेल. त्याला कशावर अडवायचं?"

त्यांचंही खरंच होतं. तेच तर वाईट. आजारी बाईपुरती सूट द्या, असंही सासू म्हणाली. मॅडम म्हणाल्या, नाव सांभाळायचं तर रीत सगळ्यांना एकच असावी लागते. हात वर झाले. मडकं राहिलं. सासूचा हात मांडीवरच होता.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी शेडवर गेले तर ती स्टुलावर चढलेली, हातात ब्रश. आमच्या पाटीवरचं ‘लंबी’ गेलेलं.

"आई! वेड लागलं का? अख्ख्या नागपुरात या नावावर हक्क कोणाचा असेल तर तो तुमचा! गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"ज्याले घाई असंन तो ब्रेड खाईन."

संध्याकाळी शेडवर असतानाच मोठीमायचा फोन. प्रीतमनं चुगली केलेली. ती फोनवर इतकी ओरडली की मला बाजूला उभं राहून ऐकू आलं. "मी बिमारीपायी पुसलं. तुले काय रोग झाला? चुपचाप लिही परत!"

"तू लिही," सासू म्हणाली. "तू लिहिलं का मी लिहीन."

पलीकडून नुसतं खोकणं ऐकू येत राहिलं. सासूनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. चुलीवर मडकं तापलं होतं, आणि समोर उभ्या माणसानं विचारलं, "बाई, लंबी रोटी आहे ना?"

"रोटी आहे," ती म्हणाली, फोन माझ्या हातात दिला आणि गोळा हातावर घेतला.