शिवेवरचा नारळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्या मॅजिस्ट्रेटसमोर सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची गोष्ट. मी परभणीला प्रोबेशन ऑफिसर होतो. पहिलाच गुन्हा असलेल्या माणसाला तुरुंगात न धाडता कोर्ट चांगल्या वागणुकीच्या बोलीवर घरी सोडायचं, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम माझं. लोक मला सुटकेवाले सायेब म्हणायचे. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू? — खोटं तर मी बोललोच आहे. तिकडेच येतोय.

राज्य बदललं तसा वाद उभा राहिला, की हे काम कुणाच्या हाताखाली द्यायचं? पोलिसांच्या, तुरुंगखात्याच्या, की समाजकल्याणच्या? तुम्हाला हे कारकुनी भांडण वाटेल. मी मात्र इरेला पेटलो होतो. पोलीस दिसला की माणूस दार लावून घेतो, मी दिसलो की बसायला बाज टाकतो — हे मी भेटेल त्याला ऐकवायचो. ते खरंही होतं. आजही मला ते खरंच वाटतं, आणि म्हणूनच जास्त लाज वाटते.

बोरीचा सोपान माझ्याकडे होता. विहिरीच्या पाण्यावरून थोरल्या भावाशी जुंपली आणि याने त्याच्या डोक्यात काठी घातली. भाऊ वाचला. सोपानला कोर्टाने सोडलं, पण कोर्टाला विचारल्याशिवाय जिल्हा सोडायचा नाही अशी अट घातली.

दसरा झाला आणि बोरीच्या टोळीच्या बैलगाड्या ऊसतोडीला नगरकडे निघाल्या. त्यांच्यात रीत होती — घरातल्या वडीलधाऱ्याने नारळाला हात लावायचा, मग तो शिवेवर फोडायचा, मगच गाडी हलवायची. सोपानचा बाप वारलेला. थोरला भाऊ तर डोक्याला पट्टी बांधून घरात बसलेला. मी त्या दिवशी गावात होतो. सोपान नारळ घेऊन माझ्यापुढे उभा राहिला, मागे त्याची बायको राधा.

"सायेब, थोरला हात लावायला तयार न्हाई. तुमीच लावा. म्हंजी आमी जायला मोकळे."

कोर्टाची परवानगी आणायला हवी होती. कोर्ट चालू होतं, मॅजिस्ट्रेट भला माणूस होता, गाडी जरा थांबवली असती तरी चाललं असतं. पण वडीलधारा म्हणून कधी कुणी माझ्यापुढे नारळ धरला नव्हता. छाती फुगली माझी. मी हात लावला. म्हणालो, जा, कोर्टाचं मी बघतो.

आणि बघितलं नाही. विसरलो — म्हणजे, आज-उद्या करत राहिलो.

मग हाच वाद ऐकायला मुंबईहून एक मोठे साहेब आले. बैठक बसली. पोलीस अधिकारी तयारीनिशी आले होते, आधीच जमादाराला बोरीला धाडून. हसत म्हणाले, यांचा एक माणूस जिल्ह्याबाहेर निघून गेलाय, यांना पत्ता तरी आहे का? सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आता सांगा, काय म्हणायचं होतं मी? 'मीच जा म्हणालो' — एवढंच ना? नोकरीवर आलं असतं. काम पोलिसांकडे गेलं असतं. मी म्हणालो, मी त्याला बजावून सांगितलं होतं. तो माझं न ऐकता पळाला. कोर्टाला कळवणारच होतो.

जीभ जरासुद्धा अडखळली नाही. मुंबईचे साहेब खूश झाले, ही माणसं कडकही राहू शकतात म्हणाले. काम समाजकल्याणकडेच राहिलं. कचेरीत मला पेढे चारले.

सोपानला उसाच्या फडातून धरून आणलं. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. नवरा गेला की अर्धा कोयता कुणाला नको असतो. टोळीच्या मुकादमाने राधाला परत धाडलं. ती जाणार कुठे? त्याच थोरल्या दिराच्या दारात. त्याने तिला गोठ्यात ठेवलं. मी गावात गेलो की शेण काढताना दिसायची. पदर पुढे ओढून घ्यायची.

कोर्टात मी सोपानच्या अगदी जवळ उभा होतो. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "कुणाला विचारून गेलास?" सोपानने माझ्याकडे पाहिलं आणि तो थांबला. मी बोलेन म्हणून थांबलाय, हे मला तेव्हाही कळलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"कुनालाच न्हाई, सायेब."

त्याने मला वाचवलं? की माझं तोंड बघून बोलण्यात अर्थ नाही हे ओळखलं? मला माहीत नाही. त्याला तुरुंगात नेलं आणि मी घरी जेवायला गेलो.

हे काम कुठल्या खात्याकडे असावं, यावर मी पुढे निवृत्त होईपर्यंत भाषणं केली. लोक टाळ्या वाजवायचे. सोपान सुटला तो बोरीत राहिला नाही. राधाला घेऊन कुठे गेला, मी विचारलं नाही.

एक सांगायचं राहिलं. शिवेवर नारळ फुटल्यावर राधाने खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला होता, वडीलधाऱ्याचा मान म्हणून. तो मी तिथेच उभ्या उभ्या खाल्ला, आणि गाड्या दिसेनाशा होईपर्यंत शिवेवर थांबलो.