मावशीची रांग

पडदा वर जातो. सरकारी दवाखान्याचा लांब व्हरांडा, भिंतीला टेकून बाकं, डॉक्टरांच्या खोलीचं दार आणि दाराशी स्टुलावर बसलेली मावशी. हुद्दा सफाई कामगाराचा. पण आत कोण आधी जाणार, हे तीच ठरवायची.

हा अधिकार तिला कुणी दिला नव्हता. बाकांवरून एक फेरी मारायची, एकेकाचा चेहरा निरखायची नि म्हणायची, "तुम्ही उठा. तुम्ही थांबा, तुम्हाला नुसतीच घाई आहे." नजर सहसा चुकत नसे. डॉक्टर बदलले, अधीक्षक बदलले, रांग मावशीचीच राहिली. मी नाटकातला नट, बहुतेक राजाच्याच भूमिका करणारा; माझा घसा बसला होता तेव्हा मी ओळखीचं हसून पुढे सरकलो. ती म्हणाली, "राजेसाहेब, मुकुट घरी ठेवून या. शेवटचं बाक." अख्खा व्हरांडा हसला, मीसुद्धा. भल्याभल्यांना तिने असं बसवलं होतं, म्हणून तर तिचा शब्द कुणी मोडत नसे.

एका सकाळी तिचा धाकटा भाऊ आला. छाती चोळत होता.

"ताई, जरा बरं वाटत नाही गं."

"बस तिकडे. बहिणीचा दवाखाना नाही हा."

मी समोरच्या बाकावरून म्हणालो, "मावशी, सोडा की त्याला."

"का? माझा भाऊ म्हणून?"

फेरी मारताना तिने भावाचं तेवढं एक बाक वगळलं. चार माणसं आत जाऊन आली. पाचव्याला हाक मारली, तोवर भाऊ शेजाऱ्याच्या खांद्यावर कलंडला होता. डॉक्टर धावत आले, पण उशीर झाला होता.

चौकशी बसली. "रांग लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" अधीक्षकांनी विचारलं. तिच्या जिवावर वीस वर्षं ज्यांचं काम सुरळीत चाललं, ते सगळे खाली बघत राहिले. भावजयीने तक्रार केली नाही, आणि तेच मावशीला सोसलं नाही. स्टूल तिने आत नेऊन ठेवलं. लोक सवयीने विचारायचे, "मावशी, आता कोण?" ती फरशी पुसत राहायची.

शेवटची भेटली ती फाटकाशी. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं म्हटली मी, तिथे धीराचं एक सुचेना. कसंबसं म्हणालो, "एवढ्या वर्षांत नजर एकदाच चुकली तुमची."

"चुकली कुठे? बघितलं असतं, तर आधी सोडलं असतं. म्हणून बघितलंच नाही त्याच्याकडे."