मेलेली रांग

आमच्या भाऊजींना, म्हणजे थोरल्या ताईच्या यजमानांना, सारी वस्ती 'टेपवाले' म्हणे. परदेशातून आणलेली झाडं इथल्या लागवडीला चालतील का, हे तपासणाऱ्या केंद्रात त्यांनी एकतीस वर्षं काढली. प्रत्येक जातीची शंभर झाडं रांगांत लावायची आणि दरवर्षी छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर मोजायचा. एखादं झाड मेलं की त्याच्या पायाशी रोवलेल्या खुंटीवर लाल फुली मारून ती जागा कायमची रिकामी ठेवायची. नाटकाचे दौरे संपले की मी त्यांच्याकडे मुक्कामाला जाई. टेप लावण्याआधी ते सालीवर हात ठेवून क्षणभर थांबत. तेवढी शांतता मिळवायला आम्हाला तिसरी घंटा द्यावी लागे.

अकरा नंबरची जात सरळसोट, झपाझप वाढणारी. केंद्राचे साहेब तिच्यावर लट्टू. वस्तीमागच्या अख्ख्या डोंगरावर तीच लावायची, असं त्यांनी वर कळवूनही टाकलं होतं. अडलं होतं फक्त भाऊजींच्या सहीवाचून.

त्या वर्षी मोजणीला मीही गेलो. भर दुपार होती, पण अकरा नंबरच्या पट्ट्यात शिरलो आणि आमच्या पावलांचा आवाजच बंद झाला. खाली गवत नाही, मुंगी नाही. पाखरू तर नाहीच. ते आकडे सांगत, मी लिहून घेई. सातव्या रांगेपाशी ते थबकले.

"मेहुणे, वहीत बघा बरं, इथं काय लिहिलंय?"

"सातवी रांग. दहाही मेलेली. तीन वर्षांपूर्वी."

समोर दहा झाडं उभी होती. मनगटाएवढी जाड. प्रत्येकाच्या पायाशी भाऊजींच्या हातची लाल फुली. फुली मारलेल्या रांगेकडे पुन्हा बघायचं नाही, अशी तिथली पद्धत. तीन वर्षं ते तिला वळसा घालून जात होते.

"कुणी नवीन लावली असतील," मी म्हणालो.

त्यांनी उकिडवं बसून माती उकरली. कुजलेल्या खोडाखालून, जुन्या मुळातूनच नवं खोड निघालं होतं.

"तुम्ही रंगमंचावर मरता आणि पडदा पडला की उठता. तुमचं ठीक आहे हो. पण ही?"

त्यांनी ती रांग मुळासकट खणून काढली. दोन महिन्यांनी कुंपणाबाहेर फुटवे आले. पुन्हा दहाच. एका रेषेत, सारख्या अंतरावर.

साहेब हसले. "टेपवाले, झाड मरत नाही, ही तक्रार म्हणायची की शिफारस?"

"लावायची कशी ते मला येतं, साहेब. काढायची कशी ते कुणालाच येत नाही."

घरी ताई चिडली. "अहो, निवृत्तीला चार महिने राहिलेत. करा की एकदाची सही!"

त्यांनी सही केली, पण 'लागवडीस अयोग्य' एवढं लिहून त्याखाली. डोंगर वाचला.

पुढे केंद्र बंद पडलं. वस्तीतली माणसं आता त्या बाजूला फिरकत नाहीत. अठ्ठ्याहत्तरीतले भाऊजी मात्र रोज सकाळी कुदळ घेऊन कुंपणाभोवती फिरतात. फुटवे अजून येतात, एका रेषेत, डोंगराच्या दिशेने.

गेल्या खेपेला मी न राहवून विचारलं, "भाऊजी, तुमच्यानंतर?"

त्यांनी कुदळ माझ्या हातात दिली. "आधी ही नीट धरायला शिका," म्हणाले, आणि पुढच्या फुटव्याकडे चालू लागले.