आत्याबाई आणि हनुमानफळ

मुरबाडच्या अंगाला माणसांपेक्षा झाडांशी जास्त भांडणारी बाई एकच होऊन गेली, आणि ती नेमकी माझ्या सासरी होती. माझ्या सासऱ्यांची ही थोरली बहीण. सगळं गाव त्यांना आत्याबाई म्हणे. त्यांचा नवरा माथेरानला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. तो वारल्यावर त्या भावाकडे आल्या त्या एक पत्र्याची पेटी, एक तापट कोंबडी आणि हनुमानफळाचं रोप घेऊन. आल्या दिवसापासून परसाचा ताबा त्यांच्याकडे. फणसाला उशीर झाला की त्याला फैलावर घ्यायच्या, शेवग्याशी अबोला धरायच्या. एकदा लिंबाचा काटा टोचला तर 'आधी चूक कबूल कर' म्हणत त्याच्यासमोर ठाण मांडून बसल्या, जेवायलाही उठेनात.

हनुमानफळावर मात्र त्यांचा आवाज कधी चढला नाही. सीताफळाच्या जातीचं हे थंड हवेतलं झाड आमच्या उन्हाळ्याला कंटाळलेलं असावं. दरवर्षी फुलायचं आणि फुलं जमिनीवर टाकून मोकळं व्हायचं. शेवटी सासरे म्हणाले, "आक्का, औंदा फळ नाय धरलं तर तोडनार. गोठा वाढवायचाय."

"तोडशील तर मला बी घराबाहेर काढ," आत्याबाई म्हणाल्या आणि कोंबडीच्या मागे धावल्या. त्यांना एक पीस हवं होतं. माथेरानच्या मडमेला त्यांनी पिसानं फुलांना फळ धरवताना पाहिलं होतं. संध्याकाळी पूर्ण उमललेल्या फुलांतली भुकटी डबीत झटकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, अर्धवट उमललेल्या फुलांच्या पोटात ती पिसानं अलगद लावायची. डबी म्हणून त्यांनी सासऱ्यांची तपकिरीची जुनी डबी उचलली. सासऱ्यांना पहाटे डोळे न उघडताच, हाताला लागेल त्या डबीतली तपकीर ओढायची सवय. दोन-तीन दिवस ओढूनही शिंक येईना, तेव्हा ते तडक वाण्याच्या दुकानी जाऊन भेसळ करतोस म्हणून भांडून आले. आत्याबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "बोलू नको गो. त्याच्या नाकात फळ धरलं तर बघू."

दिवाळीच्या सुमारास झाडाला हिरवी, गुळगुळीत फळं लागली. लोण्यासारखा गर चाखला आणि सासरे दुसऱ्याच दिवशी गोफण घेऊन माकडांपासून झाड राखायला बसले. गोठ्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

एक फळ गावच्या डॉक्टरांच्या बायकोकडे, डॉक्टरीणबाईंकडे गेलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा गडी निरोप घेऊन आला. "बाईंनी सांगितलंय, आमची सीताफळं धरत नाईत. आत्याबाईंनी उद्या सकाली आमच्याकडं यावं."

नवरा गेल्यापासून आत्याबाईंना हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी कुणी चांगल्या कामाला निघालं की, विधवेचं तोंड दिसायला नको म्हणून, त्या आपणहून दाराआड होत.

"सकाली म्हनाला ना? मलाच?" त्यांनी गड्याला दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्या पेटीतलं घडीचं लुगडं नेसून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "बरी दिसते का गो मी?"

मी पुढे होऊन त्यांचा पदर नीट केला. त्यांनी पीस आणि डबी पदराखाली धरली आणि समोरच्या दारानं, वाटेच्या मधोमध, डॉक्टरांच्या घराकडे चालू लागल्या.