डावं टोक जरा वर

माझ्या धाकट्या दिरांना सगळे बंपरकाका म्हणतात. घरामागच्या अंगणात त्यांची पत्र्याची शेड आहे. तिथे ते जुन्या मोटारींचे बंपर दुरुस्त करतात, आणि फक्त बंपरच. इंजिनाकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. गिऱ्हाईक इंजिनाचं रडगाणं गाऊ लागलं की म्हणतात, "पोटाचं दुखणं दुसरीकडे न्या. माझ्याकडे फक्त ओठ फुटलेल्यांचा इलाज होतो."

पूर्वीच्या गाड्यांचे बंपर पोलादाचे असत, त्यावर आरशासारखा मुलामा. चेपलेला बंपर भाऊजी उतरवतात, ऐरणीवर पालथा घालतात आणि मागच्या बाजूनं बारीक बारीक ठोके देत पोचा बाहेर काढतात. मग कानस, मग घासकागद. मधूनमधून मऊ फडकं तळव्याखाली धरून हात फिरवतात. नुसत्या हातापेक्षा फडक्यातून खड्डा लवकर लागतो, म्हणे. मुलामा चढवायला बंपर दुसऱ्या कारखान्यात जातो, पण त्याआधी तो एकदा गाडीवर लावून बघायचाच, हा त्यांचा नियम. कारण इतकी वर्षं धक्के खाल्लेली गाडी स्वतः कुठे सरळ उरलेली असते?

"बाकावर सरळ केलेला बंपर गाडीवर वाकडा दिसतो, वहिनी. ज्याच्या घरी राहायचं, त्याच्या मापानं राहावं लागतं."

हे वाक्य मी नवी नवरी असतानाही त्यांनी मला ऐकवलं होतं. तेव्हा ते बंपरबद्दल नव्हतं.

होता होईल तो दुरुस्तच करायचं, बदलायचं नाही, असा त्यांचा बाणा. गंजून पार चाळण झाली असेल तरच भंगारातून तशाच गाडीचे दोन बंपर शोधायचे आणि एकाचा मधला भाग घेऊन दुसऱ्याची टोकं जोडायची. तेही नाइलाजानं, तोंड कडू करून.

आमचे हे गेले, त्यानंतर मी खिडकीशी बसून असायची. घरात कुणी मला काही करूच देत नव्हतं. भाजी निवडायला घेतली की सूनबाई ताट काढून घ्यायची. "आई, तू आता आराम कर," असं थोरला दिवसातून इतक्यांदा म्हणायचा की आरामाचाच थकवा यायला लागला. एकटे भाऊजी तसं म्हणत नसत. ते अंगणातून हाक मारायचे.

"वहिनी, जरा बाहेर या. डावं टोक खाली वाटतंय का बघा."

मी शाल सावरत जायची. ते गाडीपुढे उकिडवे बसून पान्यानं नट ढिले करायचे आणि मी लांब उभी राहून सांगायची, वर घ्या, खाली घ्या, पुरे. मिशनच्या शाळेत आमच्या सिस्टरना भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली की त्या शिकवणं थांबवून एकेका मुलीला ती सरळ करायला लावायच्या. ती सवय माझ्या डोळ्यांना जन्माची लागली होती.

"काका मुद्दाम हाका मारतात हो तुम्हाला," सूनबाई एकदा म्हणाली. "तुमचं मन रमावं म्हणून. नाहीतर त्यांना काय कळत नाही सरळ नि वाकडं?"

मलाही तसंच वाटत होतं. दिराची माया समजून मी जात होते.

मग गुरांच्या डॉक्टरांची गाडी आली. साईच्या रंगाची, त्यांच्या वडिलांची. पुढचा बंपर मधोमध दबलेला होता. भाऊजींनी तो मन लावून काढला. मुलामा होऊन आल्यावर तो लावायच्या दिवशी नेहमीसारखी हाक आली. मी जाऊन पाहिलं तर बंपर अगदी समपातळीत बसलेला. सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवशी बऱ्याच काळानं मला थट्टा सुचली. म्हटलं, चिडवू या.

"भाऊजी, उजवं टोक चांगलं दोन बोटं खाली आहे. झोपेत लावलात की काय?"

मला वाटलं, ते पाना हातात धरून माझ्याकडे बघतील आणि म्हणतील, चष्मा पुसा. त्यांनी मुकाट्यानं नट ढिला केला आणि उजवं टोक दोन बोटं वर घेतलं.

"आता?"

आता ती गाडी कुणीतरी एक भुवई उंचावल्यासारखी दिसत होती. एखाद्या पोरालाही ते दिसलं असतं. भाऊजी माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड करून उत्तराची वाट बघत होते.

मी म्हटलं, "भाऊजी, मी थट्टा केली. तो सरळच होता."

त्यांनी पाना फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"दादा होता तेव्हापासूनच. तो येऊन उभा राहायचा ना संध्याकाळी. त्याला वाटायचं, तो मला सल्ला देतोय." ते जरासे हसले. "ट्यूबलाइटची रेघ मुलाम्यावर बघून मी पोचा ओळखायचो. आता एका रेघेच्या चार दिसतात, त्याही धुक्यात. ठोकायचं काम हातानं निभतं. लावायचं निभत नाही."

म्हणजे हा बाबा मला माझ्यासाठी बोलावत नव्हता. त्याला माझी खरोखरच गरज होती. हे गेल्यापासून दीड वर्षात माझी कुणाला गरज लागल्याचं मला आठवत नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं, पण पोटातून काहीतरी ऊब वर आली हे मी नाकारणार नाही.

"थोरल्याला सांगू नका," ते म्हणाले. "तो मागेच बोललाय, एक जरी गाडी परत आली तरी शेडला कुलूप. पोरगा काळजीनंच बोलतो, पण कुलूप ते कुलूपच. शेड गेली की मी कुठे बसू? तुमच्या खिडकीत जागा आहे का?"

"माझ्या खिडकीत एकच माणूस मावतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे का जात नाही?"

"कारण मी हातोडी धरणारा माणूस आहे. हात चुकला की काय होतं, मला ठाऊक आहे. पत्रा फाटला तर भंगारात दुसरा मिळतो."

"आणि गंजका बंपर घेऊन गिऱ्हाईक उशिरा आलं की तुम्ही काय सुनावता?"

ते तळव्यानं बंपर पुसायला लागले.

"बोला ना. आधी आला असतात तर, असं काहीतरी असतं."

"आधी आला असतात तर निदान काम सोपं गेलं असतं," ते नाइलाजानं पुटपुटले. "वहिनी, तुम्ही वकील व्हायला हवं होतं."

"झाले असते, तर या घरात कुणाचं वाकडं टोक कुणी बघितलं असतं?"

शेवटी करार झाला. डॉक्टरांची गाडी दोघांनी मिळून नीट लावायची, आणि ती गेली की भाऊजींनी डोळे दाखवायचे. मी पुढे नळाजवळ उभी राहिले, त्यांनी बंपर धरणारे कंस सारखे केले, मागे वायसरच्या पातळ चकत्या घातल्या. डावं टोक जरा वर. थोडं खाली. बास. डॉक्टर गाडी घेऊन खुशीत गेले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण आणि शांत होत्या. म्हणाल्या, मोतीबिंदू पिकलाय, डोळ्यातलं हे भिंग दुरुस्त होण्यासारखं नाही, काढून नवंच बसवावं लागेल. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बदलायचंच म्हणतात." तोंड नेहमीसारखं कडू. मग थोरल्यालाही सांगावंच लागलं. तो आधी रागावला, मग काकांचा हात धरून तपासण्यांना हिंडला. शेडबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही, आणि त्याचीच आम्हा दोघांना धास्ती होती.

दोन्ही डोळ्यांचं काम झालं आणि एक दिवस भाऊजी कुणालाही न सांगता बाहेर गेले. दुपारी फाटकाशी हॉर्न वाजला. बघते तो साईच्या रंगाची गाडी. आत डॉक्टर आणि शेजारी भाऊजी. थोरला नेमका घरी होता. गाडी परत आलेली त्यानं पाहिली, त्यानं पाहिल्याचं मी पाहिलं.

"काका," तो पायरीवरून म्हणाला, "गाडी परत आली?"

"आली नाही, मी आणली. डॉक्टरांना काही दिसलंसुद्धा नव्हतं, विचार त्यांना."

"मला अजूनही दिसत नाही," डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले.

भाऊजी माझ्याकडे वळले. डोळ्यांवर काळा चष्मा, बोट माझ्यावर रोखलेलं. "वहिनी, हे तुमचं सरळ? डावं टोक बोटाच्या पेरभर वर आहे. त्या दिवशी कुठे उभ्या होतात?"

मी आठवून पाहिलं. "नळाजवळच्या फरशीवर. बाकी सगळी ओल होती."

"म्हणजे एका कडेला. ओल चुकवायला गेलात आणि बंपर चुकला. कडेनं बघितलं की असंच होणार. चिखलात पाय भरले तरी चालतील, उभं राहायचं ते मधोमध." मग थोरल्याला म्हणाले, "कुलूप लावायचं तर आज नको. आधी तुझ्या आईचं काम मला निस्तरू दे."

थोरला हसायला लागला. "माझं कुलूप राहू द्या हो, काका. पण आईला ओरडू नका. तिला आराम..."

"काही आराम नको," मी म्हटलं. "जे चुकलं ते मला नीट सांगू दे त्यांना."

हे गेल्यानंतर माझ्या हातून काही चुकू शकतं असं कुणी मानतच नव्हतं. चुकायला आधी काम असावं लागतं. पेरभर चुकीसाठी मला भर अंगणात, परक्या माणसासमोर बोलणी बसत होती, आणि मी ती पोटभर ऐकून घेतली. या माणसाचे उपकार मी कसे फेडणार, हे मला अजून उमगलेलं नाही. त्यांना सांगायला गेलं तर म्हणतील, चहा टाका.

त्यांनी उकिडवं बसून नट ढिला केला. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि ओल्या मातीत, गाडीच्या बरोब्बर मधोमध जाऊन उभी राहिले.

"आता तर तुम्हाला दिसतंय," मी म्हटलं. "मी कशाला हवी?"

"मी इथून खाली बसून पान्यानं फिरवणार, की तिथून उभं राहून बघणार? दोन्हीकडे कसा असेन?" ते वर न बघता म्हणाले. "बोला. डावं टोक."